पाव विमानाचा मालक

स्वतःचं विमान म्हटलं की आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर जे. आर. डी. टाटा येतात. 1929 साली भारतात मिळालेला पहिला वैमानिक परवाना त्यांचा, आणि 1932 साली कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन स्वतः विमान चालवत जुहूला उतरले तेही तेच. त्यामुळे लॉस एंजेलिसजवळ टोरन्सला राहणाऱ्या भाच्याने विमान घेतल्याची बातमी आली तेव्हा सदाशिव पेठेत आमच्या ताईने पेढे वाटले. विमान चौघांत मिळून घेतलंय आणि भाच्याच्या वाट्याला पाव विमान आलंय, हे नंतर कळलं. पेढे परत मागता येत नाहीत.

माझी सगळी नोकरी बँकेच्या कर्ज खात्यात गेली. तारण काय आहे, हे आधी बघायची सवय. तेव्हा आम्ही उभयतां अमेरिकेला गेलो तसा पहिल्याच रविवारी मी मालमत्तेची पाहणी करायला टोरन्सच्या विमानतळावर गेलो. मालमत्ता उघड्यावर होती. पंखांना आणि शेपटीला दोर लावून जमिनीतल्या कड्यांना बांधलेली. हँगरसाठी प्रतीक्षायादी आहे आणि ती इतकी लांब आहे, की भाचा त्याबद्दल निवृत्तीनंतरच्या योजनांबरोबर बोलतो.

विमान सेस्ना 172. चार खुर्च्या, एक इंजिन, छतासारखे वर लावलेले पंख. 1956 पासून आजवर या जातीची 44,000 हून जास्त विमानं बनली. जगात इतकी दुसऱ्या कुठल्याच विमानाची बनलेली नाहीत. बारामतीला शिकाऊ वैमानिक चालवतात त्यांतही ही दिसते. हे विशिष्ट विमान मात्र 1978 चं, म्हणजे भाच्याहून वडील. "मामा, विमानाचं वय असं बघायचं नसतं," भाचा म्हणाला. बघून उपयोगही नव्हता. अपघातांच्या दाव्यांना कंटाळून कंपनीने 1986 मध्ये ही लहान विमानं करणंच बंद केलं होतं. पुढे 1994 मध्ये कायदा झाला, की अठरा वर्षांहून जुन्या लहान विमानाबद्दल कारखानदारावर दावा लावता येणार नाही. मग 1996 पासून कारखाना पुन्हा सुरू झाला. भाच्याच्या विमानाने अठरावं वर्ष केव्हाच ओलांडलंय. तेव्हा काही झालंच तर दावा कोणावर लावायचा, हा प्रश्न मी मनातच ठेवला.

खर्चाचं म्हणाल तर विमान उडतं तेव्हा खातं हे सगळ्यांना माहीत असतं. ते उभं असतानाही खातं, हे मालकालाच माहीत असतं. जागेचं भाडं, विमा, आणि दर बारा महिन्यांनी सक्तीची वार्षिक तपासणी. गणपतीच्या आधी घर उपसतात तसं विमान उपसतात. सगळ्या झाकण्या काढायच्या, खुर्च्या बाहेर, सिलिंडरचा दाब मोजायचा, केबलवरून हात फिरवायचा. काही सापडलं नाही तर मालक धास्तावतो, म्हणजे नीट बघितलं नसणार. सापडलं तर जो भाग बदलायचा तो मान्यताप्राप्त कागदासकट हवा, आणि कागदाचे पैसे लोखंडापेक्षा जास्त. तपासणीच्या आठवड्यात मेकॅनिकचा फोन आला की चारही भागीदार एकमेकांना "तू घे, तू घे" करतात. शिवाय इंजिनाचं आयुष्य कंपनीच्या हिशेबाने 2,000 तास; त्यानंतर ते पूर्ण उघडून पुन्हा बांधायचं. म्हणून दर तासाला काही डॉलर त्या फंडात. ही गंगाजळीची पद्धत मला मनापासून आवडली. आमच्या शाखेत असे चार कर्जदार असते तर मी बढती घेऊन निवृत्त झालो असतो.

बेत ठरला कॅटलिना बेटाचा. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोर, समुद्रात पस्तीसेक किलोमीटरवर हे बेट आहे, आणि त्याच्या डोंगरमाथ्यावर धावपट्टी. भाचा, भाचेसून, मी आणि सौ. माणसं चार, खुर्च्याही चार. इथवर सगळं सरळ होतं.

आदल्या रात्री जेवण झाल्यावर भाचा कागद-पेन्सिल घेऊन बसला आणि म्हणाला, "मामी, तुमचं वजन किती? कपड्यांसकट सांगा."

पंखा बंद असूनही ऐकू येईल अशी शांतता पसरली. पस्तीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न विचारायचं धाडस मी केलेलं नाही. सौ. म्हणाल्या, "साठ." भाच्याने 68 लिहिलं. वैमानिक हातचा धरतो. मग त्याने न्हाणीघरातला वजनकाटा आणून दारात ठेवला, "सामानासाठी" म्हणून, आणि चकल्यांची पिशवी, थर्मास, दोन स्वेटर असं सगळं त्यावर चढवलं.

गणित असं, की विमानाच्या टाक्या काठोकाठ भरल्या तर माणसं आणि सामान मिळून जेमतेम दोनशे साठ किलो उरतात. म्हणजे खुर्च्या चार असल्या तरी खात्यापित्या घरची माणसं तीनच. टाकी अर्धी ठेवून चौघं बसतील. पण बेटावर पेट्रोल मिळत नाही, तेव्हा परतीचं इथूनच न्यायचं. त्यातून वजन नुसतं कमी असून भागत नाही, ते कुठे बसलंय हेही बघायचं, नाहीतर शेपूट जड होते. भाच्याने तीनदा बेरीज केली. तेवढ्यात भाचेसून भांडी आवरता आवरता म्हणाली, "तुम्ही तिघं या, मी बोटीने येते." तिचा स्वर सरावाचा होता.

सकाळी आठला आम्ही विमानतळावर हजर. वर पांढरीधोप चादर. जून महिन्यात या किनाऱ्यावर समुद्राकडून सखल ढग येतात आणि दुपारपर्यंत मुक्काम करतात. ढगात शिरायला वेगळा परवाना लागतो, तो भाच्याने अजून काढलेला नाही. तेव्हा थांबणं आलं. आजूबाजूला आणखी चार-पाच मालक आपापल्या विमानाशी टेकून, हातात कॉफी घेऊन वर बघत होते. कुणालाच घाई नव्हती. विमान बाळगणाऱ्या माणसाचा बराच वेळ विमानाशेजारी उभं राहण्यात जातो आणि तो तक्रार करत नाही, हे मी नोंदवून ठेवलं. दहाच्या सुमाराला भाचेसुनेचा फोन आला: "मी पोचले. इथे छान ऊन आहे."

मधल्या वेळात भाच्याने विमानाची प्रदक्षिणा केली. शिडीसारख्या पायरीवर चढून टाकीत काठी बुडवून पेट्रोल मोजलं. आत काटे आहेत, पण त्यांच्यावर विश्वास ठेवत नाहीत म्हणे. मग पंखाखालच्या तोटीतून काचेसारख्या पारदर्शक नळकांड्यात थोडं पेट्रोल काढून आभाळाकडे धरलं. निळसर, अगदी फिकट. पाणी असेल तर ते तळाशी थेंबाने वेगळं दिसतं. सौ. वाकून बघत होत्या. "दूधवाल्याचं असं कधी बघितलं नाही आपण," त्या म्हणाल्या. या निळ्या पेट्रोलात अजूनही शिसं असतं, आणि कॅलिफोर्नियाने 2031 पासून त्याच्या विक्रीवर बंदीचा कायदा केलाय. तेव्हा काय, असं विचारल्यावर भाच्याने विषय बदलला.

गॅलनला सहा-सात डॉलर आणि तासाला आठ-नऊ गॅलन, हे ऐकून मी पाकीट काढलं. भाच्याने कायदा सांगितला. खासगी परवान्यावर भाडं घेता येत नाही. पेट्रोल, तेल, विमानतळाचं शुल्क एवढ्याचेच सारखे भाग पाडायचे, आणि वैमानिकाने स्वतःचा भाग भरलाच पाहिजे. "म्हणजे टीटीएमएम," सौ. म्हणाल्या. अमेरिकेच्या विमान खात्याचा नियम इतक्या थोडक्यात कुणी सांगितला नसेल.

साडेअकराला चादर फाटली. आम्ही लाइफ जॅकेटं चढवून, गुडघे पोटाशी घेऊन बसलो. भाच्याने खिडकी उघडून पंख्याजवळ कुणी नाही ना म्हणून मोठ्याने आरोळी दिली. इंजिन सुरू झालं आणि चकल्यांच्या डब्याने ताल धरला. धावपट्टीच्या तोंडाशी थांबून त्याने इंजिनाची परीक्षा घेतली. ठिणगी पाडायच्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक मुद्दाम बंद करून दुसरी एकटी चालते का बघतात. त्याबरोबर आवाज बसला. मागून प्रश्न आला, "बंद पडतंय का रे?" 

वर गेलो ते मात्र खरंच सुंदर होतं. खाली ढगांचे तुकडे, त्यांच्या फटीतून निळं पाणी, मालवाहू जहाजं रांगेत. सौ.नी कानांवरच्या माइकमधून विचारलं, "आणि इंजिन बंद पडलं तर?" भाच्याने शांतपणे सांगितलं, की विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत उतरतं, दर हजार फुटांमागे पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. म्हणूनच आपण साडेसहा हजार फुटांवर चाललोय, म्हणजे अर्ध्या वाटेवरही इकडे किंवा तिकडे जमीन गाठता येईल. मी लगेच हिशेब केला. जमतो, पण काठावर. पाण्यावर आलं की इंजिनाचा आवाज बदलल्यासारखा वाटतो, असं सगळेच वैमानिक सांगतात. मला तर तो तीनदा बदललेला ऐकू आला.

कॅटलिनाची धावपट्टी 1,602 फुटांवर आहे. दोन टेकड्यांचे माथे कापून, मधली दरी भरून ती केलेली. लांबी 3,000 फूट, म्हणजे नऊशे मीटर. मुंबईची मोठी धावपट्टी तीन किलोमीटरहून लांब आहे. सुरुवातीलाच कडा. त्यातून पट्टी आधी चढत जाते, त्यामुळे उतरल्यावर पुढचं टोक दिसतच नाही. नवखे वैमानिक पट्टी संपली समजून करकचून ब्रेक दाबतात. भाच्याने दाबला नाही. मी दाबला, माझ्या पायाखाली ब्रेक नव्हता, एवढंच.

वर एक छोटं उपाहारगृह आहे आणि त्याची प्रसिद्धी गव्याच्या बर्गरबद्दल. 1924 साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणासाठी चौदा गवे बोटीने या बेटावर आणले. सिनेमावाले गेले, गवे राहिले, वंश वाढला. मी बर्गर घेतला, सौ.नी बटाटे घेऊन वर स्वतःच्या चकल्या खाल्ल्या. अमेरिकन वैमानिक अशा खेपेला 'शंभर डॉलरचा हॅम्बर्गर' म्हणतात. हे नाव जुन्या भावाचं आहे. मी उतरण्याचं शुल्क, पेट्रोल, इंजिनाचा फंड, विम्याचा आणि जागेभाड्याचा त्या दिवसापुरता हिस्सा असं सगळं नॅपकिनवर मांडलं, तर बेरीज पाहून भाच्याने नॅपकिन घडी करून खिशात घातला. बायकोला दाखवायचा नव्हता.

वळणावळणाच्या रस्त्याने बस आम्हाला खाली अ‍ॅव्हलॉन गावात घेऊन गेली, तोवर भाचेसून पोहून, जेवून, दुकानं फिरून बाकावर पुस्तक वाचत होती. गाव आम्हाला फार बघता आलं नाही. भाचा दर पाच मिनिटांनी पश्चिमेकडे बघत होता, ढग परत निघाले का म्हणून. आणि संध्याकाळी पाचला विमान तिसऱ्या भागीदाराच्या ताब्यात द्यायचं होतं. परतीला सौ. न बोलता भाचेसुनेबरोबर बोटीच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या.

उड्डाण केल्यावर भाचा खुशीत म्हणाला, "मामा, आता बघा कसं छान चढतंय!" हे वाक्य घरी बोलायचं नाही, असं मी त्याला तिथल्या तिथे बजावलं.

वाचकहो, कॅटलिनाला जायचं असेल तर लाँग बीचहून बोट आहे, साधारण तासाभरात पोचवते. विमानानेच जायचं असेल तर अख्खा दिवस मोकळा ठेवा, खरं वजन सांगा, आणि "एकूण कितीला पडलं रे?" हे मालकाला त्याच्या बायकोसमोर विचारू नका.