जपानी खेड्यात नांदण्याचे प्राथमिक धडे

'जपानमध्ये मोटारीच्या किमतीत घर' असा व्हिडिओ बघून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन. घर खरंच मिळतं. २०२३ च्या सरकारी पाहणीत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे दर शंभरांत जवळपास चौदा. गावोगावच्या पालिका या 'आकिया' घरांच्या याद्या लावून गिऱ्हाइकाची वाट बघत बसल्या आहेत. घरासोबत आधीच्या मालकाची भांडीकुंडी, किमोनोंचं कपाट, क्वचित त्यांच्या पूर्वजांचं देवघरसुद्धा पदरात पडतं. पडत नाही तो व्हिसा. घर नावावर आहे एवढ्यावर जपान कुणाला राहू देत नाही. आणि घरामागचा तो भाताचा तुकडा हवा असेल, तर स्थानिक कृषी समितीची परवानगी लागते. महाराष्ट्रात शेतजमीन घेताना शेतकरी असल्याचा दाखला मागतात, तेव्हा आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

हे सगळं जमलं असं धरून चालू. आता एक खूणगाठ बांधा: घराची बरीचशी किंमत खरेदीखतात लिहिलेलीच नसते. ती पुढे कैक वर्षं, बहुतेक रविवारी सकाळी, अंगमेहनतीने फेडायची असते.

सामान उतरलं की समोरची तीन आणि दोन्ही बाजूंची एकेक अशा पाच घरी भेट घेऊन जायचं. टॉवेल किंवा बिस्किटांचा डबा पुरे. भारी भेट नेऊ नका, समोरच्याला परतफेडीचा घोर लागतो. जाताना आडनावं पाठ करण्यात अर्थ नाही. अर्धं गाव एकाच आडनावाचं असतं, म्हणून घरांनाच नावं असतात आणि माणसं त्याच नावांनी ओळखली जातात. तुमचं घर आधीच्या मालकाच्याच नावाने ओळखलं जाईल आणि तुम्ही 'त्या घरातले'. मनाला लावून घेऊ नका.

लोकही तुमच्याकडे येतील. बेल वाजवणार नाहीत. दार सरकवतील, 'गोमेन कुदासाई' अशी हाक मारतील आणि गेनकानात, म्हणजे चपला काढायच्या जागेत, उभे राहतील. बोलावल्याशिवाय पायरी चढून वर कुणी येणार नाही, पण तिथे उभ्याउभ्या पाऊण तास गप्पा होतील. तेव्हा घर आवरायचा कंटाळा असेल तर निदान गेनकान तेवढं आवरा. गावापुरतं तेच तुमचं घर.

आता गवत. हा धडा दोनदा वाचा.

प्रत्येक वस्तीची एक संघटना असते, कुठे जिचिकाई म्हणतात, कुठे चोनाइकाई. कायद्याने सभासदत्व सक्तीचं नाही. हे वाक्य तुम्हाला ठाऊक असू द्या, पण गावात ते कधीही उच्चारू नका. वर्षाची कामं ठरलेली: वसंतात खाचरांत पाणी सोडण्याआधी पाट साफ करायचे, मग थंडी पडेपर्यंत रस्त्याकडेचं, बांधांवरचं आणि देवळाच्या आवारातलं गवत. जून-जुलैत तिथेही पावसाळा असतो आणि गवत डोळ्यांदेखत वाढतं.

नोटिशीत 'सकाळी ८' छापलेलं असतं. आठला पोचलात तर अर्धा बांध लख्ख झालेला दिसेल आणि पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजी, खांद्याला ब्रश कटर अडकवून, हसतमुखाने तुम्हाला सुप्रभात म्हणतील. कुणी चकार शब्द काढणार नाही, हीच तर पंचाईत. साडेसातला पोचा.

हे गवत कापायचं यंत्र बहुधा टू-स्ट्रोक. नुसतं पेट्रोल ओतलंत तर इंजिन धरतं. पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, साधारण पन्नासाला एक या मापाने. पातं डावीकडे फिरतं, म्हणून गवत उजवीकडून डावीकडे कापत यायचं आणि परतीचा हात मोकळा न्यायचा. परतीतही कापायचा आगाऊपणा केला की पातं दगडावर आदळून उसळतं. शेजारच्या माणसापासून १५ मीटर लांब राहायचं. काम संपलं की हातात गार चहाची बाटली येते. ती घेऊन घरी पळायचं नाही. सावलीत टेकायचं, टोपी काढायची. औंदा देवळाचं छप्पर करायचं की नाही, पाटाचं पाणी कुणाकडे आधी, हे सगळं याच वेळात ठरतं. बैठकीत नंतर फक्त माना डोलावतात.

न येणाऱ्याला बऱ्याच गावांत दंड असतो. पैसे फेकून सुटू असं वाटणाऱ्यांनी 'मुरा हाचिबु' नावाची जुनी शिक्षा ऐकून ठेवावी. गावाशी असलेल्या दहा व्यवहारांपैकी आठ तोडायचे आणि आग व अंत्यविधी एवढे दोनच ठेवायचे, असा तिचा अर्थ सांगतात. म्हणजे वाळीत टाकणं. आपल्याकडे त्याविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला. जपानी न्यायालयांपुढेही असे खटले अगदी अलीकडेपर्यंत आले आहेत.

कचऱ्याकडे वळू. पिशवी पालिकेची, पारदर्शक, आणि पुष्कळ ठिकाणी वर तुमचं नाव. बाटलीचं झाकण वेगळं, लेबल वेगळं, बाटली विसळून वेगळी. ठरल्या दिवशी सकाळी ठरल्या जागी ठेवायची आणि कावळ्यांसाठी वर जाळं ओढायचं. चुकीची पिशवी गाडी उचलत नाही; त्यावर चिठ्ठी चिकटवून ती तिथेच सोडते, जाणाऱ्या-येणाऱ्याने वाचावी म्हणून. हे जाचक वाटत असेल तर तोकुशिमा प्रांतातलं कामिकात्सु बघा. जेमतेम दीड हजार वस्तीच्या या गावाने २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा ठराव केला. तिथे कचरागाडीच येत नाही. लोक कचरा स्वतः केंद्रावर नेतात आणि चाळिसाहून जास्त प्रकारांत वेगळा करतात. त्याच गावातल्या आज्या १९८६ पासून डोंगरातली शोभिवंत पानं खुडून मोठ्या हॉटेलांना ताटं सजवायला विकत आल्या आहेत. यांना कचरा म्हणजे काय ते शिकवायला जाऊ नये.

भाजी विकत आणू नका. ऑगस्टच्या एखाद्या सकाळी दाराशी प्लास्टिकच्या पिशवीत पंधरा काकड्या असतील. चिठ्ठी नाही, नाव नाही. कुणी ठेवल्या हे शोधणं तुमचं काम, कारण दुपारपर्यंत त्या व्यक्तीचे आभार मानायचे असतात. पिशवी कुठल्या दुकानाची, गाठ कशी मारली आहे, काकड्यांना लागलेली माती लाल आहे की काळी, यावरून हळूहळू कळायला लागतं. संध्याकाळी दुसऱ्या घरून वीस काकड्या येतील. त्या पहिल्या घरी पोचवायचा विचारही करू नका. परतफेड जरूर करा, पण घेतलं त्याहून थोडी कमी. बरोबरीने केलीत तर पुढच्या आठवड्यात पेटी येते. आपला चिवडा चालतो, तिखट बेताने.

शाकाहाऱ्यांना एक सूचना. भाजी जमिनीतून आली तरी तिचा रस्सा बहुधा बोनितो माशाच्या पाण्यात शिजलेला असतो, आणि यजमानांच्या लेखी तो मासा नव्हेच. खात्रीचं जेवण हवं असेल तर वाकायामा प्रांतातल्या कोयासान डोंगरावर जा. तिथल्या मठांत भिक्षूंचं 'शोजिन र्‍योरी' मिळतं, त्यात मासा नाहीच, कांदा-लसूणही नाही. तिथल्या विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, त्याचंही दर्शन घडेल.

वाहन म्हणजे चिमुकला 'केई' ट्रक. पांढराच. ६६० सीसी, ३५० किलो ओझं. सगळ्यांचे सारखेच दिसतात, पण पोचे कुठे आहेत ते गावाला तोंडपाठ असतं. तुमचा ट्रक दवाखान्याबाहेर दिसला की संध्याकाळपर्यंत तब्येतीची चौकशी आलीच म्हणून समजा.

गावात खांबांवर भोंगे असतात. आपत्तीच्या सूचनांसाठी लावलेले, एरवी संध्याकाळी पाचला गाणं वाजवून पोरांना घरी पाठवतात. अलीकडे त्यांवर अस्वलाची बातमीही येते. ही बातमी आणि तुमचं घर यांचा संबंध आहे. परसात काकीचं, म्हणजे जपानी टेंभुर्णीचं झाड असेलच. घरं ओस पडली, फळं तोडायला कुणी उरलं नाही, आणि शरदात अस्वलं त्या फळांसाठी उतरू लागली. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अकिता प्रांतात सापळे लावायच्या कामी सैन्याची मदत घ्यावी लागली. तेव्हा फळं खा, वाळवा, वाटा, काहीही करा, पण झाडावर ठेवू नका.

वयाची काळजी नको. जपानमध्ये शेतीच मुख्य काम असलेल्यांचं सरासरी वय २०२० च्या गणनेत ६७.८ भरलं. पंचेचाळिशीत पोचलात तर तुम्ही तरुण. जत्रेत देवाची पालखी तुमच्या खांद्यावर, गावच्या अग्निशमन दलाचा पाइप तुमच्या हातात. पुढे वस्तीच्या संघटनेचं सचिवपदही गळ्यात पडेल. ते नाकारायची सोय नाही, पाळी असते.

राहता राहिली थंडी. जुनी घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली: वारा खेळावा म्हणून सरकत्या भिंती, जमिनीपासून उचललेला तळ. हाच वारा जानेवारीतही खेळतो. माणसं कोतात्सूच्या, म्हणजे खाली हीटर लावलेल्या बुटक्या मेजाच्या, पांघरुणात कमरेपर्यंत शिरून बसतात आणि रॉकेलचा हीटर उशाशी घेतात. निइगाता प्रांताकडे घर घेतलंत तर छपरावरचा बर्फही उतरवावा लागतो, आणि हे काम करताना दरवर्षी माणसं पडून मरतात, त्यांत म्हातारीच जास्त. म्हणून घर बघायला फेब्रुवारीत जा. दलाल मे महिन्याचा आग्रह धरेल, त्याचं ऐकू नका.