फोटो पाहून कुत्रा आणण्याचे शास्त्र

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आणि घरात एखादा गरजू कुत्रा असावा असे वाटू लागलेल्या सज्जनांनी सर्वप्रथम एक पथ्य पाळावे: गावातल्या प्राण्यांच्या आश्रयगृहाकडे फिरकू नये. तिथली माणसे फार चौकस असतात. कुंपण किती उंच, दिवसाचे किती तास घर बंद, मुले केवढी, आधी कधी कुत्रा सांभाळलाय का, अशी स्थळाची करावी तशी चौकशी करतात आणि एवढे करून नकारही देतात. शिवाय तिथला कुत्रा समोर उभा असतो, भुंकतो, उड्या मारतो. त्याच्याविषयी गोड गैरसमज करून घ्यायला वावच उरत नाही. त्यापेक्षा मोबाइलवर रोमानियातल्या कुत्र्यांचे फोटो पाहावेत. एक कान उभा, एक पडलेला, डोळे जाळीतून थेट आपल्याकडे. निवड डोळ्यांवरूनच करावी. खाली ‘मुलांची आवड, मांजरांशी पटते’ असे लिहिलेले असते. ज्या पिंजऱ्यात ना मूल ना मांजर, तिथे हा शोध कसा लागला, हे विचारणे शिष्टाचाराला धरून नाही.

पाहुण्यांना सांगण्यासाठी कुत्र्यामागची कथा पाठ असावी. ती खरी आहे, हेच तिचे बळ. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीत राजधानी बुखारेस्टमधल्या जुन्या वस्त्या पाडून माणसांना सिमेंटच्या इमारतींत हलवले. अंगणातले कुत्रे रस्त्यावर आले आणि वाढत गेले. सप्टेंबर २०१३ मध्ये चार वर्षांचा एक मुलगा तिथे भटक्या कुत्र्यांच्या हल्ल्यात दगावला. त्यानंतरच्या कायद्याने, पकडलेल्या कुत्र्याला १४ दिवसांत कोणी नेले नाही तर त्याला मारण्याची मुभा दिली. हे ‘१४ दिवस’ उच्चारले की पुढचा प्रत्येक प्रश्न क्रूर वाटू लागतो. उदाहरणार्थ, ज्याला आपण वाचवतो आहोत तो आहे कोण? घरातून हाकललेला लाडका तो क्वचितच असतो. बहुधा जन्मच रस्त्यावरचा. मराठी वाचकाला त्याची ओळख करून द्यायला नको. चहाच्या टपरीखालचा गावठी कुत्रा बिस्किटासाठी येतो, शेपूट हलवतो, पण पाठीवरचा हात किती वेळ राहू द्यायचा हे तोच ठरवतो, आणि नको वाटले की उठून चालू लागतो. उठून जाता येते म्हणून तर तो शांत असतो. लेस्टरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ही सोय काढून घेतली आणि बदल्यात वॉशिंग मशीन, जिना व मिठी मारणारी मुले दिली, की तो गुरगुरतो. मग त्याला कृतघ्न म्हणायला आपण मोकळे.

कागदपत्रांची काळजी नको, ती चोख असतात. अंगात मायक्रोचिप, वयाच्या बारा आठवड्यांनंतर रेबीजची लस, त्यावर २१ दिवसांची प्रतीक्षा, ब्रिटनमध्ये शिरण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत जंताचे औषध. मग दोन-तीन दिवसांचा व्हॅनचा प्रवास. पुष्कळदा ताबा हमरस्त्यालगतच्या पार्किंगमध्ये, अवेळी दिला जातो. अनुभवी मंडळी या क्षणी दोन दोऱ्या वापरतात: एक छातीच्या पट्ट्याला, दुसरी मानेभोवती ओढली की आवळणारी. कारण घाबरलेला कुत्रा पुढे पळत नाही. तो मागे सरकतो, डोके खाली घालतो आणि साधा गळपट्टा कानांवरून अलगद सोडवून घेतो. आपण मात्र एकच सैल, सुंदर, नाव कोरलेला गळपट्टा न्यावा. संध्याकाळपर्यंत खांबाखांबांवर पोस्टर लागतील, ड्रोन उडवणारे स्वयंसेवक येतील आणि ज्या शेजाऱ्यांशी दहा वर्षांत बोलणे झाले नव्हते त्यांची ओळख होईल.

आता मुख्य पायरी. ती म्हणजे मधली एक पायरी गाळणे. जुन्या वळणाच्या संस्था परदेशातून आलेला कुत्रा आधी ब्रिटनमधल्याच एखाद्या फॉस्टर, म्हणजे तात्पुरत्या सांभाळाच्या, घरी काही आठवडे ठेवतात. तिथे तो भांड्याजवळ कोणाला येऊ देतो का, पुरुषांना बिचकतो का, जिना चढतो का, एकटा राहतो का, हे रोजच्या रोज कळते. नंतर लिहिलेले ‘मांजरांशी पटते’ हे वाक्य खऱ्या मांजरासमोर तपासलेले असते. यात अडचण एकच आहे: फॉस्टर घरे मोजकी असतात आणि एक कुत्रा एक घर कित्येक आठवडे अडवून बसतो. म्हणजे व्हॅनमध्ये किती कुत्रे चढवायचे, हे रोमानियातल्या दुःखाने नव्हे, ब्रिटनमधल्या रिकाम्या खोल्यांनी ठरेल. हा ब्रेक काढून टाकला की व्हॅन भरून येऊ शकते. त्या वेळी फॉस्टर घर नाहीसे होत नाही; ते आपल्यालाच, न सांगता आणि आपल्याच खर्चाने, बहाल केलेले असते. फरक इतकाच, की फॉस्टर करणाऱ्याला आपण काय पत्करले आहे ते ठाऊक असते. बिनसलेच तर ‘रेस्क्यू बॅकअप’, म्हणजे कुत्रा परत घेण्याचा संस्थेचा वायदा, असतो, आणि तो कधीकधी फक्त न उचलला जाणारा फोन असतो. स्कॉटलंडने २०२१ मध्ये अशा संस्थांना परवान्याच्या चौकटीत आणले. इंग्लंडमध्ये मात्र सद्भाव आणि बँक खाते एवढ्या भांडवलावर संस्था उभी राहू शकते.

रोगांचे नाव काढणारे विघ्नसंतोषी लोक भेटतील. ते सांगतील की २००० सालापर्यंत बाहेरून येणारा कुत्रा सहा महिने क्वारंटाइनमध्ये काढत असे. आज तीच मुदत तो आपल्या सोफ्यावर काढतो. ते ब्रुसेला कॅनिसचेही नाव घेतील. हा जंतू कुत्र्यातून सहसा समूळ जात नाही, आणि संसर्गानंतर रक्तात त्याच्या खुणा दिसायला तीनेक महिनेही लागू शकतात. म्हणून निघण्यापूर्वीची एकच तपासणी पुरत नाही. त्यांचा सर्वात अप्रिय मुद्दा असा, की ब्रिटनमध्ये कुत्र्यापासून हा आजार झालेली पहिली नोंदलेली व्यक्ती पूर्व युरोपातून आणलेल्या कुत्रीला फॉस्टर करत होती. म्हणजे मधले घर सर्वांत आधी धोका झेलते. हे खरे आहे, आणि म्हणूनच तपासणी त्या घराच्या दाराबाहेर व्हायला हवी. ते घर गाळल्याने धोका कमी होत नाही, तो फक्त लहान मुले असलेल्या, गाफील घरात जातो. अटलांटिकपलीकडे याची किंमत मोजून झाली आहे. जून २०२१ मध्ये अझरबैजानहून ३३ कुत्रे अमेरिकेत आणले गेले. त्यांतला एक पेनसिल्व्हेनियात रेबीजचा निघाला. कॅनडाने सप्टेंबर २०२२ पासून शंभराहून अधिक देशांतून दत्तक देण्यासाठी कुत्रे आणणे बंद केले. यादीत भारतही आहे, त्यामुळे टोरंटोच्या मराठी घरांना आता गावाकडचा गावठी अशा मार्गाने मागवता येत नाही.

‘मग काय त्याला तिथेच मरू द्यायचे?’ हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्या एका कुत्र्यापुरते व्हॅनमधली जागा म्हणजे जीव, आणि कोणताही हिशेब त्याला पटणार नाही. पण रस्त्यावर त्याची रिकामी झालेली जागा नसबंदी न झालेली कुत्री एका वेतात भरून काढते. जागच्या जागी काय होऊ शकते हे पाहायला गोव्यात जावे. तिथे मिशन रेबीज या संस्थेने सरकारच्या साथीने वर्षानुवर्षे वाडीवाडीत फिरून, जाळ्यांनी पकडून, सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळावी हे ध्येय धरले. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाले. कुत्रे होते तिथेच राहिले. या कामात दाखवण्यासारखा फोटो नाही; लस टोचून सोडलेला कुत्रा आभार न मानता निघून जातो. दुसरा आक्षेप, की स्थानिक आश्रयगृहे आम्हाला नाकारतात, तोही पुष्कळदा रास्त आहे. काहींचे नियम फार ताठर आहेत. परंतु जे कुंपण तिथल्या कुत्र्याला ठेंगणे पडते ते रोमानियाच्या कुत्र्याला उंच कसे पुरेल, हे सांगणारा अजून भेटायचा आहे.

एवढे वाचूनही आणायचाच असेल, तर जरूर आणा. मात्र पैसे पाठवण्याआधी संस्थेला विचारा: हा कुत्रा आज ब्रिटनमध्ये कोणाच्या घरी आहे, आणि त्या घरच्यांशी मला बोलता येईल का? पत्ता नसेल तर पैसे पाठवू नका. आणि घरात एक खोली रिकामी असेल, तर दत्तकाचा अर्ज बाजूला ठेवून आधी फॉस्टरचा भरा.