मार्जारन्यायाने चाललेलं घर

पुरुषाने कुत्रा पाळला तर कोणी कारण विचारत नाही. मांजर पाळलं की पहिला प्रश्न येतो, "वहिनींना आवडतं वाटतं?" नाही म्हटलं तर दुसरा, "मग उंदीर फार झालेत का?" तेही नाही म्हटलं की समोरचा जरा गप्प होतो आणि पावसापाण्याचं बोलू लागतो. मिशीवाल्या, पेन्शन खाणाऱ्या माणसाला मांजर निव्वळ आवडतं, हे उत्तर कुठल्या रकान्यात बसवायचं ते त्याला कळत नाही. मी स्वतः बँकेत आयुष्य काढलंय, त्यामुळे त्याची अडचण मला समजते.

नोकरीच्या शेवटी कुंभकोणमला बदली झाली आणि मनासारखं घर मिळालं ते तिरुप्पनंदाळला, चेन्नईकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मराठी माणूस या मुलखाला नवा नाही. व्यंकोजीराजे सतराव्या शतकात तंजावरला आले, 1855 पर्यंत भोसल्यांची गादी इथे होती आणि बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर त्यांच्या घराण्याचा मराठी इतिहास 1803 साली कोरून ठेवलेला आहे. तेव्हा आम्ही दोघं आलो याचं गावाला काही वाटलं नाही. घरमालकांनी किल्ली देताना पाण्याची मोटर दाखवली, मागची विहीर दाखवली, कोणती खिडकी पावसात फुगते तेही सांगितलं. मधल्या चौकात खांबाला टेकून एक करडी मांजरी बसली होती. तिच्याबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. भाडेकरार माझ्या नावावर झाला, पण कूळकायद्याने पाहिलं तर वहिवाट तिची होती.

आम्ही तिला मनी म्हणू लागलो. मराठी घरात मांजरीला दुसरं नाव सुचतं कुठे? पण तमिळनाडूत निम्म्या पुरुषांना घरी मणी म्हणतात. ओट्यावर उभं राहून पहिल्यांदा "मनीऽऽ" अशी हाक मारली तेव्हा एका सायकलवाल्याने ब्रेक मारला, नारळवाल्याने मान वर केली आणि पलीकडच्या घरातून एक गृहस्थ लुंगी सावरत "काय सार?" म्हणून बाहेर आले. जिला हाक मारली होती ती पायरीवर पाठ करून बसलेली. एक कान तेवढा माझ्याकडे वळला आणि परत जागेवर गेला.

त्या कानावर पुढे माझं वाचन झालं. टोकियोत 2013 साली संशोधकांनी वीस पाळीव मांजरांना त्यांच्या मालकाचा आणि परक्यांचा आवाज ऐकवून पाहिला. मांजरं मालकाचा आवाज नेमका ओळखतात असं दिसलं. त्यांनी कान हलवले, माना वळवल्या, पण उठून हाकेपाशी जाण्याची तसदी घेतली नाही. म्हणजे ऐकू येतं, कळतं, आणि तरीही. मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात नवीन काय? तुम्ही पेपर वाचत असता तेव्हा असंच होतं."

पुरुषाला लहानपणापासून ऐकलं जाण्याची सवय लागलेली असते. आमच्या पिढीत वडिलांनी खाकरलं की घर सावध व्हायचं. पुढे ऑफिसात घंटी दाबली की शिपाई येतो, घरी पाटावर बसलं की ताट येतं, आणि आपण हाक मारली म्हणजे काहीतरी घडतं असा समज पक्का होतो. कुत्रा हा समज आणखी घट्ट करतो. आपण निवृत्त झालोय हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, तो आपल्याला साहेबच मानत राहतो. मांजर पहिल्याच दिवशी निवृत्तीचे कागद हातात ठेवतं.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात गजशास्त्र आहे, अश्वशास्त्र आहे, दोन्हींत सुंदर चित्रं आहेत. हत्ती कसा ओळखावा, घोडा कसा राखावा, सगळं बैजवार सांगितलेलं. मार्जारशास्त्र लिहायला कोणी पंडित बसला असता तर पहिल्या अध्यायात पोथीवरच मांजर येऊन झोपलं असतं आणि ग्रंथ तिथेच संपला असता.

आणि हत्तींचं म्हणाल तर त्यांची मर्यादा आमच्या गावाला पुरती ठाऊक आहे. इथल्या अरुणजटेश्वराच्या देवळाची कथा अशी: ताटकै नावाची स्त्री देवाला हार घालायला गेली, तेवढ्यात तिचं वस्त्र ढळू लागलं. दोन्ही हात हारात गुंतलेले. तिची अडचण ओळखून शिवलिंगानेच मान कलती केली. हार पडला, पण देव कललेलाच राहिला. राजाने हत्ती जुंपून लिंग सरळ करायचा प्रयत्न केला. हत्ती दमले, देव हलला नाही. मग कुंगिलिय कलय नायनार आले. हे धुपाचे वेडे. घरात दाणा नाही म्हणून बायकोने मंगळसूत्र दिलं, तर ते विकून धान्याऐवजी गुग्गुळ घेऊन आलेले गृहस्थ. बाजाराला पाठवलेला नवरा काय घेऊन येईल याचा नेम नाही, हे तेव्हाही होतं! त्यांनी दोरीचं एक टोक लिंगाला बांधलं, दुसरं स्वतःच्या गळ्यात, आणि ओढलं. देव सरळ झाला.

या कथेचा देवळातला अर्थ भक्तीचा. मला मात्र ती मांजराशी कसं वागावं याची सगळ्यात नेमकी शिकवण वाटते. जुंपून काही होत नाही. मनी सोफ्यावर नको म्हणून मी टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्राची गुंडाळी दाखवली, आवाज चढवला. ती डोळे अर्धे मिटून ऐकत राहिली. मग मीच सोफ्यावरून उठून जमिनीवर चटई टाकून बसलो, तेव्हा पाच मिनिटांत ती चटईवर आली. सोफा रिकामा झाला, पण बसायला मी उरलो नव्हतो.

गावातला दुसरा मोठा वारसा काशीमठाचा. या मठाचे मूळ पुरुष कुमरगुरुपरर हे सतराव्या शतकातले तमिळ संतकवी. मठाचा ठाव काशीत केदारघाटावर पडला, आणि पुढे अठराव्या शतकात मुख्य ठाणं इथे आलं. त्यांची कथा अशी की काशीत मठाला जागा मिळवायला मोगल दरबारात जायचं, तर तिथली भाषा येईना. म्हणून त्यांनी सरस्वतीवर 'सकलकलावल्ली मालै' हे स्तोत्र रचलं, भाषा मिळवली आणि सिंहावर बसून दरबारात गेले. हे ऐकल्यावर मराठी माणसाला चांगदेव आठवणारच. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन ते ज्ञानेश्वरांना भेटायला निघाले, आणि समोरून ही भावंडं भिंत चालवत आली. कुमरगुरुपररांना सिंहामुळे जागा मिळाली, चांगदेवांना वाघावरून उतरावं लागलं. दोन्हीकडे मोठी माणसं मोठ्या मांजरांवर बसली. आमची पायरी खालची. आमच्यावर मांजर बसतं.

आणि बसलं की माणूस कामातून जातो. मनी मांडीवर येते ती आधी दोन वेळा गोल फिरते, पुढच्या पंजांनी लुंगी मळते, नखं कापडात अडकवून एकेक सोडवते आणि मग सगळं अंग एकदम सैल सोडते. पोटातून घर्रघर्र सुरू होते, ती आपल्या हाडांत ऐकू येते. पायाला मुंग्या येतात. दाराची बेल वाजते. "अहो, जरा बघता का?" "मनी बसलीय." आतून पुन्हा हाक येत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही सबबीला हा मान मिळाला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलेली कंबरदुखीसुद्धा भाजी आणण्याच्या आड आली नाही, पण झोपलेली मांजरी येते.

या प्रांतात मांजरावर थेट वेदान्त उभा आहे. रामानुजांच्या श्रीवैष्णव परंपरेत दोन शाखा झाल्या, वडकलै आणि तेन्कलै. देव जिवाला तारतो ते कसं, हा त्यांच्यातला एक मोठा प्रश्न. वेदान्त देशिकांच्या वडकलैंनी मर्कटन्याय धरला: माकडिणीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट चिकटून राहतं, तसा जिवाने थोडा तरी यत्न करावा. पिळ्ळै लोकाचार्यांच्या तेन्कलैंनी मार्जारन्याय धरला: मांजरीचं पिल्लू काहीही करत नाही, आईच मानगुटीला धरून त्याला हवं तिथे नेते. या दोन शाखांत कपाळावरच्या नामाच्या आकारावरून कोर्टकचेऱ्यासुद्धा झाल्या. मी या वादात पडत नाही. पण नोकरीतली सगळी वर्षं मी माकडाच्या पिल्लासारखा चिकटून होतो, खुर्चीला, बढतीला, मुलाच्या मार्कांना. हात सोडला तर पडू, ही धास्ती कायम. मार्जारन्याय मला कुठल्या आचार्यांनी शिकवला नाही. मनीने मागच्या न्हाणीघरात तीन पिल्लं घातली, आणि चारच दिवसांत ती एकेक करून माझ्या पुस्तकांच्या कपाटात हलवली. पिल्लू तोंडात धरलं की त्याचे पाय आपोआप दुमडतात, शेपूट पोटाशी जाते, ते जराही धडपडत नाही. इतका भरवसा मी कधी कुणावर टाकला होता, हे आठवत बसलो. मांजरी पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात. ती तीन पिल्लं आमच्या एकाच घरात सात जागा फिरली, आणि प्रत्येक जागी आधी माझं काहीतरी सामान होतं.

समोरच्या पाट्टींना, म्हणजे आजींना, मनी फारशी आवडत नाही असं त्या म्हणतात. त्या पहाटे उठून सडा घालतात आणि दारात ठिपक्यांचं कोलम काढतात, तांदळाच्या पिठाचं. ओल्या जमिनीवरून मनी रात्रपाळी संपवून घरी येते ती नेमकी त्याच वाटेने. एकदा त्यांनी मला बोलावून दाखवलं. "सार, बघा. माझे ठिपके पंधरा. तुमच्या मनीने चार वाढवले." मी वरमून म्हटलं, "पाट्टी, पुसून टाकू का?" त्यांनी पिठाची चिमूट घेतली, पंजांच्या चार ठशांभोवती एक वळण फिरवलं आणि म्हणाल्या, "कशाला? जुळले की."

रात्रपाळी हा शब्द मी उगाच वापरला नाही. आमच्या ब्राह्मणआळीत मनीला दहीभात मिळतो, आविन डेअरीच्या दुधाची पिशवी कापताना कात्रीचा आवाज झाला की ती हजर असते. पण तो झाला उपचार. मांजर मुळात मांसाहारी प्राणी, गोड चव तर त्याला कळतही नाही, त्यामुळे पायसमकडे ती ढुंकून बघत नाही. तिचं खरं जेवण बांधावर. हा कावेरीचा भातपट्टा. जूनमध्ये मेट्टूर धरणाचं पाणी सुटलं की कुरुवै भाताची लावणी, मग सांबाची. भात आला की उंदीर आले, उंदीर आले की मांजर आलं. माणसाची आणि मांजराची ओळख अशीच धान्याच्या कोठारापाशी झाली. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय, त्यात माणसाशेजारी मांजर पुरलेलं आहे. तेव्हा उंदरांपुरताच मामला उरला नव्हता, हे उघड आहे.

"मांजर मतलबी असतं," असं मला नेहमी ऐकवतात. या आरोपाला महाभारताचा आधार आहे. गंगेकाठी हात वर करून तप करणारा बोका, त्याच्यावर विश्वासून येणारे आणि एकेक करून नाहीसे होणारे उंदीर, ही गोष्ट उद्योगपर्वात येते. मामल्लपुरमला सातव्या शतकात पल्लवांच्या शिल्पींनी अर्जुनाच्या तपश्चर्येच्या भल्यामोठ्या शिळेवर तसाच एक बोका कोरला: मागच्या पायांवर उभा, पुढचे पंजे डोक्यावर, पायाशी उंदीर. शिळेवर देव, ऋषी, हत्ती सगळे गंभीर चेहऱ्याने उभे आहेत, आणि एवढा एकच हसवतो. पण नीट पाहिलं तर ती थट्टा मांजराची नाही, तपाचं सोंग आणणाऱ्याची आहे. मनीने आजवर माझ्यासमोर एकही सोंग आणलेलं नाही. भूक असली की येते, नसली की जाते. मतलब एवढा उघड असला की त्याला मतलब म्हणायचं कशाला?

उलट याच कावेरीकाठच्या कंबनाला मांजर नम्रतेसाठी सुचलं. मयिलाडुतुरैजवळच्या तेरळुंदूरचा हा महाकवी. तमिळ रामायण लिहायला घेताना तो आधी आपली पात्रता सांगतो: क्षीरसागरापाशी जाऊन तो सगळा चाटून संपवू म्हणणाऱ्या मांजरासारखा मी आहे. दुधाची पिशवी कापताना मला हे दरवेळी आठवतं. मनी वाटीसमोर बसते तेव्हा वाटीत दूध किती आहे हे ती बघतच नाही. सागर असता तरी तिने त्याच निश्चयाने सुरुवात केली असती.

मांजरवेड्या पुरुषांमध्ये मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते इंग्रजी कोशकार डॉक्टर जॉन्सन. अंगाने आडदांड, बोलण्यात तिखट, वादात कोणाला न ऐकणारे. त्यांच्या बोक्याचं नाव हॉज. त्याच्यासाठी कालवं आणायला ते स्वतः बाजारात जायचे, कारण मांजराच्या कामाला नोकराला पाठवलं तर नोकर त्या मुक्या जिवावर राग धरेल. हे त्यांच्या चरित्रकाराने, बॉस्वेलने, लिहून ठेवलंय. लंडनमध्ये त्यांच्या घरासमोर 1997 पासून हॉजचा पुतळा आहे. शब्दकोशावर बसलेला, शेजारी कालवांची शिंपली. अख्खी भाषा मुठीत धरणारा माणूस पिशवी घेऊन मासळीबाजारात निघालाय, हे चित्र मला फार धीर देतं. मोठेपण न सांडता माणसाला असं लहान होता येतं.

मुलगा पुण्याला आहे. दर दिवाळीला फोनवर तेच विचारतो, "बाबा, तिकडे आता काय ठेवलंय? या ना इकडे." त्याच्या सोसायटीत लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे, मराठी पेपर दारात पडतो. बायको फोन हातात घेते आणि सांगते की उन्हाळ्यानंतर बघू, मनीला प्रवास सोसायचा नाही, आणि मांजर माणसाला नाही, घराला धरून असतं. तो म्हणतो, "मग तुम्ही कशाला धरून आहात?" प्रश्न मर्कटपंथी आहे. आम्ही कशालाच धरलेलं नाही. मानगूट आमची आहे, तोंड तिचं. सध्या तिने आम्हाला इथे ठेवलंय. तिला जागा बदलावीशी वाटली तर कळवू.