चारही इंडिकेटर लावून सरळ

नवी गाडी घेतली की शोरूमवाला पेढ्यांच्या बॉक्सबरोबर एक जाडजूड पुस्तिका देतो. हार घालणं, चाकाखाली लिंबं ठेवणं, किल्ली हातात घेऊन फोटो काढणं या गडबडीत ती डॅशबोर्डच्या कप्प्यात जाते आणि पुढे पीयूसी, टोलच्या पावत्या आणि कुठल्याशा देवस्थानाचा अंगारा यांच्याखाली कायमची गाडली जाते. गाडी विकेपर्यंत तिला कोणी हात लावत नाही. त्यामुळे कुठलं बटण कशासाठी आहे हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं. आणि पुण्यातल्या माणसानं एकदा काही ठरवलं की कंपनीचा इंजिनिअर समजवायला आला तरी उपयोग नाही.

चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं ते लाल त्रिकोणाचं बटण घ्या. गाडी बंद पडली आहे, मागच्यांनी सांभाळून यावं, एवढं सांगायला ते दिलेलं असतं. आपल्याकडे त्याचा अर्थ ‘मी सरळ जाणार आहे’ असा आहे. यामागचा विचार तसा बिनतोड आहे. डावीकडे जाणाऱ्यानं डावा लावायचा, उजवीकडे जाणाऱ्यानं उजवा, मग सरळ जाणाऱ्यानं काय घोडं मारलंय? त्यानं दोन्ही लावावेत. पंचाईत एवढीच, की आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला त्या गाडीची एकच बाजू दिसते. त्याच्या लेखी ती गाडी वळणार असते. तो निर्धास्तपणे पुढे घुसतो, आणि मग चौकाच्या मधोमध दोन माणसं काचा खाली करून एकमेकांना ‘इंडिकेटर दिसत नाही का?’ हा एकच प्रश्न विचारत असतात. दोघांचंही बरोबर असतं.

याच बटणाचा दुसरा उपयोग वडापाव आणायला होतो. गाडी रस्त्याच्या मधोमध सोडायची, हे चारही दिवे लावायचे आणि उतरून जायचं. दिवे लुकलुकत आहेत तोवर नो पार्किंगची पाटी तात्पुरती रद्द समजतात. मागे पीएमपीची बस, तिच्यामागे पाण्याचा टँकर, त्याच्यामागे अख्खा पौड रस्ता. मालक येतो, तो दोन्ही हातांत पुड्या धरून, धावल्यासारखं करत. धावत नाही, नुसते खांदे हलवतो. ‘आलो आलो, दोनच मिनिटं’ असं तो बसच्या ड्रायव्हरला सांगतो, आणि चटणी सांडू नये म्हणून पुड्या नीट ठेवून, पट्टा लावून (पट्टा मात्र लावतो!) निघतो. चारही दिवे लुकलुकत ठेवूनच.

एकेकटा इंडिकेटर ही आणखी निराळी जात. कात्रजला वळताना लावलेला उजवा इंडिकेटर स्वारगेटपर्यंत इमानानं चालू असलेली मोटारसायकल आपल्यापुढे असली, की दर चौकात आपण तिच्यासाठी वेग कमी करतो आणि दर चौकात तो माणूस आपला विश्वासघात करतो. शेवटी कंटाळून आपण उजवीकडून पुढे काढायला जावं, तर नेमका तेव्हाच तो वळतो. आता त्याला विचारायची सोय नाही. त्यानं इंडिकेटर दिलेला होता, तोही दहा मिनिटं आधी.

मुरलेला पुणेकर म्हणूनच दिव्यांकडे बघत नाही. तो पुढच्याची मान बघतो. वळणाऱ्या माणसाची मान वळण्याआधी क्षणभर त्या दिशेला कलते. हे शास्त्र मोबाईल येईपर्यंत अचूक होतं. आता फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये चिमटलेला असतो, त्यामुळे निम्मं शहर कायम उजवीकडे वळायच्या बेतात दिसतं.

माझे थोरले काका हे सगळं हातानं करतात. त्यांच्या पहिल्या स्कूटरला इंडिकेटर नव्हते आणि पुण्यात तेव्हा सायकलींचं राज्य होतं. हात दाखवून वळायचं ही शिस्त त्यांच्या अंगात मुरली ती मुरली. ते सगळे इशारे नियमात आजही आहेत. उजवीकडे जायचं तर उजवा हात आडवा लांब. हळू होणार असलो तर तोच हात पंजा खाली ठेवून वरखाली. डावीकडे जायचं असेल तर उजवाच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवायचा. काकांनी हा शेवटचा इशारा टिळक रस्त्यावर केला, तेव्हा मागच्या सीटवर मी होतो. मागून येणाऱ्या रिक्षावाल्यानं रिक्षा शेजारी आणली आणि काळजीनं विचारलं, “आजोबा, हात अवघडलाय का?” नियमाप्रमाणे वळणारा माणूस भर रस्त्यात जात्यावर दळण दळताना दिसतो, याला कोण काय करणार. पुढच्या चौकात त्यांनी उजवा हात आडवा धरला, तर शेजारून जाणाऱ्या कॉलेजच्या पोरानं त्यावर टाळी दिली. काकांना राग आला नाही. “निदान बघितलं तरी,” म्हणाले.

हॉर्नबद्दल इतकं लिहून झालंय की मला फारसं बोलायचं नाही. तक्रारही नाही. हॉर्न हा आपल्याकडे अंगठ्यानं दाबायचा ब्रेक आहे, एवढं समजून घेतलं की त्रास कमी होतो. मला कौतुक वाटतं ते सरकारी आशावादाचं. ट्रकच्या पाठीवर रंगवलेल्या ‘हॉर्न ओके प्लीज’वर २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्यानं बंदी आणली, कारण ते वाचून लोक विनाकारण हॉर्न वाजवतात. वाचनसंस्कृतीवर एवढा विश्वास साहित्य संमेलनाच्या अध्यक्षानंही कधी दाखवला नसेल! ज्या रस्त्यावर ‘वेग मर्यादा’, ‘प्रवेश बंद’ आणि ‘येथे थुंकू नये’ या तिन्ही पाट्या कोणी वाचत नाही, तिथं लोक ट्रकची पाठ वाचतात आणि वाचून तसं वागतातही, असं खात्याला वाटलं. हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र असतं, तिथल्या हॉर्नवर काट मारलेल्या पाटीचा परिणामही मी पाहिलाय. ती पाहून माणसाला आपल्या गाडीला हॉर्न असल्याची आठवण होते.

मुंबई पोलिसांनी मात्र एक फार देखणा प्रयोग केला, तो २०२०च्या सुरुवातीला गाजला. काही सिग्नलच्या खांबांना आवाज मोजणारी यंत्रं जोडली. गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून सुरू! वाजवताय ना, मग थांबा अजून. पुण्यात हे केलं असतं तर पहिल्याच दिवशी दोन तट पडले असते. एक हॉर्न वाजवणाऱ्यांचा आणि दुसरा ‘वाजवू नका’ हे हॉर्न वाजवून सांगणाऱ्यांचा. तो सिग्नल अजून लाल असता.

या सगळ्यांना लायसन्स दिलं कोणी, असं आपण रागानं म्हणतो. त्याचं उत्तर साधं आहे. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेत पंधरा प्रश्न असतात आणि नऊ बरोबर आले की माणूस पास होतो. म्हणजे सहा गोष्टी माहीत नसल्या तरी सरकारची हरकत नाही. झेब्रा क्रॉसिंगवर आधी कोणी जायचं, पिवळा दिवा म्हणजे वेग वाढवायचा की कमी करायचा, डावीकडून ओव्हरटेक करावं का, हे सगळे त्या सहातले. प्रत्येकाचे सहा वेगळे असल्यामुळे चौकात कुठलाच नियम एकाच वेळी सगळ्यांना ठाऊक नसतो. पुढे दुचाकीवाल्याला आरटीओत आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. पाय टेकला की नापास. मी पूर्वी हसायचो, की आठ काढायची वेळ आयुष्यात कधी येते? पावसाळ्यात सिंहगड रस्त्यानं एकदा जाऊन आलो आणि परीक्षा घेणाऱ्यांची दूरदृष्टी कळली. खड्ड्यांमधून आठच काढावा लागतो. पाय टेकला तर गुडघ्यापर्यंत जातो.

उलट दिशेनं येणाऱ्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. लोक त्यांना बेशिस्त म्हणतात. मला ते फार सरळमार्गी वाटतात. समोर दिसणाऱ्या गोष्टीकडे वळसा घालून जाणं त्यांच्या स्वभावातच नाही. आमच्या सोसायटीच्या तोंडाशी दुभाजक आहे आणि पलीकडे जायची फट बरीच पुढे आहे. एका सकाळी स्कूटरवरचे एक गृहस्थ माझ्या पुढ्यात, नाकासमोर येऊन थांबले. पायाशी दुधाच्या पिशव्या, कपाळाला गंध, दिवा चालू. राँग साइडनं येताना दिवा लावला की ते निम्मं कायदेशीर होतं.

“अहो, राँग साइडनं येताय,” मी म्हणालो.

“मग काय पुढून वळून येऊ?” त्यांच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. खरंखुरं आश्चर्य होतं. त्यांनी माझ्या मागचं गेट दाखवलं. “घर इथंय माझं.”

“पण अपघात झाला तर?”

“म्हणून तर कडेनं येतोय. तुम्ही जरा आत घ्या बघू.”

मी आत घेतली. वयानं मोठे होते, शिवाय दूध तापायचं होतं.

पण तुम्ही मला विचाराल, की सगळ्यात जास्त डोकं कोण फिरवतं, तर मी राँग साइडवाल्याचं नाव घेणार नाही. सिग्नल तोडणाऱ्याचं नाही, ‘दादा’ दिसावं म्हणून ४१४१ या आकड्यांना शेपट्या फोडणाऱ्याचं नाही. अॅम्ब्युलन्सला लोकांनी वाट दिली की तिच्या मागोमाग, पेशंटचा सख्खा नातेवाईक असल्यासारखं भरधाव सुटणाऱ्याचंही नाही, जरी त्याला एकदा अॅम्ब्युलन्सच्या आतून प्रवास घडावा असं मला वाटतं. माझा खरा शत्रू आहे सज्जन माणूस. तो हिरव्या सिग्नलला थांबतो आणि बाजूच्या लाल सिग्नलवरच्या माणसाला ‘या या, जा तुम्ही’ असं खुणावतो. तो बिचारा गडबडून निघतो, आपण दुसऱ्या लेनमधून येत असतो, आणि पुढच्या करकचून ब्रेक मारण्याशी या देवमाणसाचा काही संबंध उरत नाही. सदाशिव पेठेतल्या एकेरी गल्लीत हाच गाडी थांबवतो आणि पायी चाललेल्या शाळेतल्या सरांची चौकशी करतो. मागे सहा गाड्या खोळंबलेल्या. हॉर्न वाजवावा तर सर वळून बघणार. सरांनी आपल्यालाही शिकवलेलं असतं.

द्रुतगती मार्गावर या सज्जनाचा अवतार ट्रकच्या रूपानं होतो. तीन लेन. सगळ्यात उजवी पुढे काढण्यासाठी, हे सगळ्यांना मान्य आहे. ट्रकवाल्यालाही मान्य आहे. तो पुढेच काढत असतो. मधल्या लेनमधला ट्रक चाळीसनं चालला असेल तर हा एकेचाळीसनं. खंडाळ्याचा घाट चढताना ही ओव्हरटेक पूर्ण व्हायला लागते तेवढ्या वेळात मागच्या कारमधल्या मुलांची भांडणं होऊन, मिटून, पुन्हा सुरू होतात. मागून कितीही डिपर दिलात तरी आरशात बघायला तो मोकळा नसतो. तो शेजारच्या ट्रकवाल्याशी बोलत असतो. हल्ली तिथं वरच्या कमानींवर कॅमेरे बसवलेत. त्यामुळे एकशेवीसनं आलेली प्रत्येक गाडी कमानीखालून वऱ्हाडाच्या गाडीसारखी शंभराच्या आत सरकते आणि कमान मागे पडली की पुन्हा उधळते. कमान पुढे आहे हे मोबाईल आधीच सांगतो, पोलिसांनी तशी पाटीही लावलेली असते. कायदा मोडायचा कुठे, हे इतक्या आपुलकीनं सांगणारं सरकार दुसरीकडे मिळणं कठीण.

आणि तरी या शहरात एक गोष्ट सगळे न चुकता पाळतात. तुमच्या गाडीचा दिवा दिवसा चालू दिसला, की समोरून येणारा अनोळखी माणूस हात वर करून मूठ उघडमीट करतो. लाइट चालू आहे, बंद करा, बॅटरी जाईल. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचे दिवे इंजिनाबरोबर आपोआप लागतात, ते बंद करायची सोयच काढून टाकलीय, ही बातमी पेपरात आली, टीव्हीवर आली. पण इतक्या वर्षांची माया अशी कायद्यानं थोडीच आटते? परवा कर्वे रस्त्यावर समोरून एक मोटारसायकल आली. आली ती अर्थात उलट्या बाजूनं. वर तिघं. चालवणाऱ्याच्या खांद्यात मोबाईल, मधल्याच्या मांडीवर टेबल फॅन, शेवटच्याच्या डोक्यावर हेल्मेट, हा काय हिशेब ते त्यांनाच ठाऊक. मला चुकवताना गाडी अशी काही झुकली की पंख्याचं पातं माझ्या आरशाला घासलं. त्याही अवस्थेत चालवणाऱ्यानं हँडलवरचा एक हात सोडला, वर केला आणि मूठ दोनदा उघडमीट करून ओरडला, “काका, लाइट!”

माझ्या स्कूटरला दिवा बंद करायचं बटणच नाही. पण इतक्या जिव्हाळ्यानं सांगणाऱ्याला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं, म्हणून मी हॉर्न वाजवला.