अठ्ठावन्नचा उमेदवार

बहुतेक राज्य सरकारी कर्मचारी ५८व्या वर्षी निवृत्त होतात; आमदारकीला किमान वय २५, कमाल वयाची अटच नाही. म्हणून हिवाळी अधिवेशनात नागपूरच्या विधानभवनात सत्तरीतले नेते तरुणांच्या रोजगारावर तळमळीने बोलतात, अन् फुटाळा तलावावर साठीतले साहेब तर्री-पोहे खात स्वतःचा रोजगार शोधतात.

काम मिळत नाही असं नाही, बाप्पा! सोसायटीचं सचिवपद मिळतं: पगार शून्य, शिव्या मुबलक. नातवाला स्कूलबसपर्यंत सोडायची ड्युटी लागते; तिला किरकोळ रजाही नाही. नशीबवान असेल तो आपल्याच खात्यात कंत्राटी सल्लागार होतो, आणि ज्या फायलीवर वर्षानुवर्षं ‘चर्चा करावी’ एवढंच लिहिलं, तिच्यावर आता मानधन घेऊन चर्चा करतो.

बाकीच्यांनी सरळ निवडणूक लढवावी. तिथे पंचाहत्तरीतही अर्ज घेतात.