फ्लॅटशेतकरी

मुलुंड, घाटकोपर, बोरिवली, अंधेरी, कुठल्याही सोसायटीत पूर्वी एक होमिओपॅथीवाले काका हमखास असायचे. कुणाला शिंक आली की पांढऱ्या गोळ्यांची बाटली घेऊन दारात हजर. ती पिढी आता मागे पडली आणि रिकाम्या गादीवर फ्लॅटशेतकरी येऊन बसला. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे, बँकेतून नाहीतर विमा कंपनीतून व्हीआरएस, मुलगी बंगळुरूला, गुडघे अजून शाबूत. आजोबांची कोकणातली जमीन कूळकायद्यात गेलेली, उरलीसुरली विकून वडिलांनी उपनगरात ब्लॉक घेतलेला, आणि हे आता त्या ब्लॉकात शेती करतात.

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीतल्या नमुन्याला सगळे 'बळीराजा' म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं.

बळीराजांची एकूण जमीन म्हणजे बंद केलेली बाल्कनी, खिडकीच्या ग्रिलमधली फळी आणि बेडरूमचा एक कोपरा. या कोपऱ्यात पूर्वी वहिनींचं शिवणयंत्र होतं. ते भूसंपादनात माळ्यावर गेलं, मोबदला अजून मिळालेला नाही. रंगाच्या रिकाम्या बादल्या, कोकोपीटच्या विटा, गांडूळखत, निंबोळी पेंड असा सगळा बारदाना. एकदा मागच्या तबेल्यातून शेण-गोमूत्र आणून त्यांनी घरी जीवामृत घातलं होतं. बादली लिफ्टमधून वर नेली. त्यानंतर पंधरवडाभर आमच्या मजल्यावरची माणसं जिन्याने ये-जा करत होती आणि सगळ्यांचीच तब्येत सुधारली.

बोलणं मात्र पक्कं शेतकऱ्याचं. पीक नळाच्या पाण्यावर, तरी जूनमध्ये 'यंदा ओढ दिली बघा' म्हणून सुस्कारा. पालिकेने दहा टक्के पाणीकपात जाहीर केली की यांच्या चेहऱ्यावर थेट माणदेश. ऑक्टोबर लागला की लिफ्टमध्ये विचारणार, "काय, छाटणी उरकली का?" ही भाषा नाशिकच्या द्राक्षवाल्यांची. तिकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, तिच्यातून काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी होते, तिच्यातून घड येतात. दोन छाटण्यांवर माणसाचं वर्ष, कर्ज आणि पोरीचं लग्न उभं असतं. आमच्या मजल्यावर छाटायला मिळून एक मोगरा आणि मनी प्लांट आहे, पण प्रश्न त्याच गांभीर्याने येतो.

कपाटात श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या आणि फळझाडं कशी उभी केली, हे बळीराजा पाहुण्यांना असं सांगतात की कचरा यांनीच पोचवला असं वाटावं. त्या लोकांनी माती केली आणि बोलले कमी. फ्लॅटशेतकऱ्याचं प्रमाण नेमकं उलटं पडतं, पण त्याचा दोष त्याला देता येत नाही. दोन बादल्यांत माणूस हात तरी किती वेळ घालणार?

कमरेला जपानी बनावटीची छाटणीची कात्री, चामड्याच्या म्यानात. ही त्यांनी निवृत्तीच्या दिवशी स्वतःला भेट दिली. म्यानातून ती निघताना मी अनेकदा पाहिली आहे. झाडाला लागताना कधी नाही. बळीराजांचा खरा प्रश्न ज्ञानाचा नाही, कात्रीचा आहे.

दुधीचं उदाहरण घ्या. दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी दोन्ही फुलं येतात. आधी बरेच दिवस नुसते नर येतात, लांब देठावर ताठ उभे. मादीच्या फुलाखाली बोटाएवढा दुधी आधीच दिसतो, त्यामुळे ओळखायला अक्कल लागत नाही. मुख्य वेलावर नर जास्त, बगलेतून फुटणाऱ्या फांद्यांवर माद्या जास्त. म्हणून शेंडा खुडायचा, बगलफूट आली की तिचाही शेंडा खुडायचा, मग तिसऱ्या पिढीच्या फुटीवर माद्या भरपूर येतात. गच्चीवर बागा करणाऱ्यांत याला 'थ्री-जी कटिंग' म्हणतात. बळीराजांनी याच्यावर सोसायटीच्या हॉलमध्ये व्याख्यान दिलं, फळ्यावर वेल काढून त्याचे शेंडे डस्टरने पुसून दाखवले, टाळ्या घेतल्या. घरी आले, वेलासमोर उभे राहिले, कात्री काढली, शेंड्याची कोवळी लव पाहिली आणि म्हणाले, "आज अमावस्या आहे." पुढच्या अमावस्येपर्यंत तो वेल वाळत घालायच्या दोरीवरून शेजारच्या शहाबेनच्या खिडकीत गेला. दुधी धरले ते तिकडे. शहाबेननी त्यांचे मुठिया करून पाठवले.

बेडरूममध्ये शेती गेली ती समोरच्या पुनर्विकासामुळे. तिथल्या चार मजल्यांच्या जागी बावीस मजले उठले आणि बाल्कनीतलं ऊन गेलं. मग एलईडीचे ग्रो लाइट आले. झाडाला प्रकाशातला तांबडा आणि निळा भाग जास्त कामाचा, म्हणून या दिव्यांत तेवढेच दोन रंग ठासून भरतात, आणि उजेड पडतो तो जर्द जांभळा. रोज पहाटेपासून रात्री दहापर्यंत त्या खिडकीतून डान्स बारसारखा उजेड बाहेर पडू लागला. त्यात बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून मुंबई विमानतळावर 'हायड्रोपोनिक गांजा' पकडल्याच्या बातम्या वरचेवर येत होत्या. 'हायड्रोपोनिक' हा शब्द तर बळीराजा दिवसातून चार वेळा जिन्यात उच्चारायचे. शेवटी समोरच्या टॉवरमधल्या कुणीतरी पडद्याच्या फटीतून फोटो काढला. जांभळ्या उजेडात, हाताच्या पंजासारखी, करवतीच्या काठाची पानं. दुपारपर्यंत तो फोटो वॉचमनच्या गावापर्यंत पोचला होता.

संध्याकाळी साध्या वेशातले एक हवालदार आले. भले गृहस्थ. चप्पल बाहेर काढून आत आले. बळीराजांनी त्यांना ग्राहक समजून कोकोपीटपासून सुरुवात केली. हवालदारांनी तासभर, म्हणजे अगदी एलईडीच्या वॅटपर्यंत, ऐकून घेतलं, मग वाकून एक पान तोडलं, चुरगाळलं, वास घेतला आणि तोंडात टाकलं. सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे होते, त्यांनी डोळे मिटले.

"आंबट हाय," हवालदार म्हणाले. "अंबाडी हाय ही. परभणीला आमच्या बांधावर असती."

अंबाडीच होती. वहिनी यवतमाळच्या, त्यांना ज्वारीच्या कण्या घालून, वर लसणाची फोडणी दिलेली अंबाडीची भाजी लागते, आणि मुलुंडच्या बाजारात ती मिळेलच असं नाही. पानं गांज्याशी इतकी जुळतात की शास्त्रज्ञांनी तिचं नावच हिबिस्कस कॅनाबिनस ठेवलंय, तिथे टॉवरवाल्यांचा काय पाड. हवालदारांनी जाताना जुडीभर पाला नेला आणि जिन्यात सेक्रेटरींना समजावून सांगितलं की १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यात गांज्याची लागवड केली तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होतो, भाजीची केली तर काही होत नाही.

दुसरा कुणी असता तर आठ दिवस घराबाहेर पडला नसता. बळीराजांना मात्र आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटलं. ते गांज्याचा इतिहास वाचायला लागले. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये भांग-गांज्याच्या चौकशीसाठी आयोग नेमला होता, त्याच्या खंडांतलं एक पान त्यांना सापडलं आणि त्यांचं आयुष्य बदललं. बंगालात नौगावला सरकारी देखरेखीखाली गांज्याची शेती चाले. गांज्याचं झाड एकतर नर असतं नाहीतर मादी. नराचा पराग मादीला लागला की तिच्यात बी भरतं आणि माल हलका होतो. म्हणून तिथले शेतकरी पैसे देऊन 'पोद्दार' नावाचा जाणकार बोलवायचे. हा बुवा शेतातून फिरायचा आणि फुलायच्या आधीच नर ओळखून काढून टाकायचा. लोक त्याला 'गांजा-डॉक्टर' म्हणत.

"म्हणजे बघा," बळीराजा मला पार्किंगमध्ये धरून म्हणाले, "आख्ख्या शेतात एक माणूस. नुसता बघतो आणि सांगतो, हा नर. काय अधिकार असेल!" बँकेत तीस वर्षं सह्या पडताळलेल्या माणसाला असा अधिकार किती गोड वाटत असेल ते मला दिसत होतं.

पोद्दारकी करायला कायद्यात बसणारं झाड हवं. पपई सापडली. बाजारात रेड लेडी, म्हणजे तैवान ७८६ या जातीचं बी मिळतं. त्याचं झाड मादी निघतं नाहीतर उभयलिंगी, आणि दोन्हींना फळ धरतं. बळीराजांनी ते तुच्छतेने परत केलं. सगळ्याच झाडांना फळ येणार असेल तर जाणकाराने करायचं काय? त्यांनी चिपळूणच्या चुलतभावाकडून परसातल्या गावठी पपईचं बी मागवलं. हिच्यात नर वेगळा, मादी वेगळी, आणि फुलेपर्यंत चार-सहा महिने कुणाला काही सांगता येत नाही. नराला लांब लोंबत्या दांड्यावर बारीक फुलांचे झुबके येतात. मादीचं फूल मोठं, बुडाशी फुगीर, खोडाला चिकटून. आता पानाचा तुकडा प्रयोगशाळेत देऊन डीएनएवरून आधीच कळू शकतं, पण बळीराजांच्या मते ते पोद्दाराला शोभत नाही.

मग घरगुती शास्त्र सुरू झालं. काळं बी नर, करडं बी मादी. सोटमूळ सरळ गेलं तर नर, फाटे फुटले तर मादी. सासूबाईंनी दोऱ्याला अंगठी बांधून रोपावर धरायचा उपाय सुचवला, तोही झाला. वहिनी हे सगळं ओट्याशी उभ्या राहून बघत होत्या. त्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात बावीस वर्षं स्वागतिका होत्या, 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' या पाटीखाली. महाराष्ट्राने हा कायदा १९८८ मध्ये, म्हणजे देशाच्याही सहा वर्षं आधी केला, हे त्यांना तोंडपाठ.

"अहो, हे घरात चालवलंय काय तुम्ही?" त्या म्हणाल्या.

"झाडांना लागू नाही तो कायदा. शिवाय आपल्याला मुलगीच हवी आहे."

"एवढी हौस तेव्हा माझ्या सासूबाईंना असती तर!" वहिनींनी कुकरची शिटी काढली.

पाच रोपं आली. तीन अतिप्रेमाने, म्हणजे अतिपाण्याने गेली. पपईच्या मुळाशी पाणी साचलं की ती कुजते, हे बळीराजा व्याख्यानात सांगतात. उरलेल्या दोहोंची कुंडी बदलताना मुळं पाहून निकाल लागला. फाटे फुटलेली ती मादी, तिला मोठा ड्रम आणि बाल्कनीतली सर्वांत उजेडाची जागा. सरळ मुळाचा तो नर. आता पोद्दाराने करायचं ते करायचं. कात्री म्यानातून निघाली. बळीराजा बराच वेळ त्या रोपाकडे बघत राहिले, मग ते उचलून खाली नेलं आणि वॉचमनला देऊन टाकलं, वर 'हा नर आहे, फळाची आशा ठेवू नकोस' असा लेखी नसलेला दाखला. वॉचमन जौनपूरचा. त्याने पंपरूमच्या मागे खड्डा केला, रोप टेकवलं आणि विसरला.

पंपरूममागच्या त्या नराला आता नऊ पपया आहेत. खोडाला चिकटून, एकाखाली एक.

वरच्या मादीला दिवाळीच्या सुमारास हातभर लांब झुबके आले. बळीराजांनी ते भिंगाने पाहिले, उजेड बदलून पाहिले, नाशिकच्या एका कृषी पदवीधराला फोटो पाठवून पाहिले. मग आशा सुरू झाली. नराचा शेंडा छाटला की मादी होते असं कुणी सांगितलं, कुणी खोडात खिळा ठोकायला सांगितलं. हवामान बदललं की काही नर झाडं मध्येच एखाददुसरं फळ धरतात हे खरं आहे, पण त्यात खिळ्याचं श्रेय किती हा प्रश्नच आहे. खिळा ठोकायला हातोडी आली. हातोडीही परत गेली. ड्रम अडवून बसल्यामुळे वहिनींना पापड वाळत घालायला जागा नाही. त्यांनी एकदा सरळ "काढून टाका तो" असं सांगितलं, तर बळीराजा दिवसभर जेवले नाहीत.

वॉचमन मोठ्या मनाचा. पहिली पपई पिकली तेव्हा वर घेऊन आला. "साहब, आपका ही पेड है." बळीराजांनी ती कापून मजल्यावर सगळ्यांना वाटली आणि प्रत्येकाला सांगितलं की पराग वरून आमच्याच झाडाचा गेला, पपईचा पराग रात्री पतंग नेतात, तेव्हा ही पपई बापाच्या बाजूने आमचीच. गोड होती, त्यामुळे कुणी वाद घातला नाही.

आता त्यांनी सेक्रेटरींना अर्ज दिलाय. साध्या फुलस्केपवर, बँकेच्या अक्षरात. पपईच्या बागेत परागासाठी साधारण दहा माद्यांमागे एक नर ठेवावा अशी शिफारस असते, ही गोष्ट त्यांनी निदर्शनास आणून दिली आहे. नर सोसायटीकडे विनामूल्य उपलब्ध आहे. एक मादी पंपरूममागे आहेच. तरी उर्वरित नऊ माद्यांसाठी गच्चीवर जागा मंजूर व्हावी. सेक्रेटरींनी तो वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घेतलाय, गच्चीच्या गळतीच्या विषयाला जोडून.