कतारगामचे पोटभाडेकरू

माझा भाचा कतारगामच्या एका हिऱ्यांच्या कारखान्यात असॉर्टर आहे. दिवसभर डोळ्याला आयग्लास लावायची आणि हिऱ्यांचे रंग, डाग, चिरा बघून पुड्या वेगळ्या करायच्या. अशा माणसाने संध्याकाळी घरी येऊन डोळे मिटून पडावं की नाही? हा तीच आयग्लास घेऊन संडासातल्या कोळ्यासमोर उभा राहतो. "मामा, डोळे आठच आहेत, पण मांडणी बघा!" बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या मामाला मांडणीत रस नसतो.

घरात त्याने तीन डबे ठेवलेत. एकात काळी इंगळी, दुसऱ्यात गोम, तिसऱ्यात उड्या मारणारा कोळी. भाडेकरारात घरमालकांनी 'कुत्रं-मांजर चालणार नाही' असं ठणकावून लिहून घेतलंय. त्यापुढच्या पायांबद्दल करार गप्प आहे.

पाळीव प्राणी म्हणून इंगळीचे गुण सांगतो. हाक मारली तर येत नाही. शेपटी हलवते, पण तेव्हा आपण लांब व्हायचं असतं. डब्यात नारळाच्या काथ्याचा भुसा, लपायला कौलाचा तुकडा, पाण्याला बाटलीचं झाकण आणि आठवड्याला एक झुरळ, एवढ्यावर तिचा संसार चालतो. झुरळांसाठी सुरतेत वणवण करावी लागत नाही. मध्यंतरी तिने खाणं सोडलं, तर अमळनेरहून आलेल्या माझ्या आईने डब्यात डोकावून आधी "हाई काय शे?" विचारलं आणि मग दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या घेतल्या. चार दिवसांनी इंगळीने कात टाकली. कात टाकायच्या आधी ही मंडळी जेवत नाहीत, हे भाच्याने परोपरीने सांगितलं. श्रेय मोहऱ्यांनाच गेलं.

पाळण्यापेक्षा ओळखणं अवघड, आणि खरी गंमतही त्यातच. साधारण आडाखा असा: ज्या विंचवाच्या पुढच्या नांग्या जाडजूड आणि शेपूट बारीक, तो दिसायला राक्षस, पण विषाने सौम्य. ज्याच्या नांग्या काटकुळ्या आणि शेपूट जाड, त्याच्या वाटेला जाऊ नये. लाल विंचू हा दुसऱ्या जातीतला. आपल्या कोकणात त्याने किती पोरंबाळं नेली! महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर रक्तदाबाचं प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, 'लॅन्सेट'मध्ये त्यावर लिहिलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नाथांच्या भारुडातल्या विंचवाला सत्त्वगुणाचा अंगारा पुरतो, लाल विंचवाला दवाखानाच लागतो.

पण आमच्या भाच्याकडे गल्लीतल्या कोणाकडेही असावं असं एक हत्यार आहे: यूव्ही टॉर्च. हिरा त्या उजेडात निळसर चमकतो का, हे बघायला कारखान्यात ती लागते. पांढरा हिरा जास्त चमकला की भाव पडतो. विंचवाचं अंगही त्याच उजेडात हिरवट-निळं झगमगतं. का, यावर शास्त्रज्ञांत अजून एकमत नाही. एका रात्री भाच्याने दिवे घालवून शेजाऱ्यांना प्रयोग दाखवला. सगळे काठियावाडी, सगळे हिऱ्यातले. इंगळी काळोखात पेटल्यासारखी दिसली आणि क्षणभर कोणी बोलेना. मग एक काका गंभीरपणे म्हणाले, "फ्लोरोसन्स स्ट्राँग छे. भाव नहीं आवे."

गोमेची कथा निराळी. समोरच्या बांचा दावा होता की कानखजुऱ्याला शंभर पाय असतातच. भाच्याने आयग्लास लावून मोजले आणि एकवीस जोड्या जाहीर केल्या. गोमेच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम भरतात, त्यामुळे पन्नास जोड्या, म्हणजे नेमके शंभर पाय, कधी जुळतच नाहीत. बा म्हणाल्या, "तारी गणतरी खोटी." शिवाय गोम आपल्याला डसते ती तोंडाने नव्हे, तर नांग्या झालेल्या पायांच्या पहिल्या जोडीने, हे ऐकून त्यांनी पाय वर घेतले, स्वतःचे.

कोळ्यांच्या बाबतीत मात्र भाच्याच्या महत्त्वाकांक्षा उंच आहेत. २०१९ साली एका उड्या मारणाऱ्या कोळ्याला सचिन तेंडुलकरचं नाव मिळालं. २०२१ साली ठाणे-कल्याण भागात सापडलेल्या दुसऱ्याला 'आयसियस तुकारामी' म्हटलं गेलं, २६/११ च्या रात्री कसाबची बंदूक धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळेंच्या स्मरणार्थ. तेव्हापासून हा कतारगामची प्रत्येक भिंत तपासत फिरतो. हिवाळ्यात आम्ही उंधियूसाठी पापडी निवडायला बसलो की आधी टोपली त्याच्याकडे जाते. मध्ये नंदुरबारचं स्थळ आलं होतं. मुलीच्या वडिलांनी डबे पाहून चहाचा कप बशीवर ठेवला. मुलीने मात्र विचारलं, "इंगळी मादी आहे ना? मग पिल्लं झाली की पाठीवर घेते का हो?" घेते. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं आईच्या पाठीवरच असतात. जमलं ते लग्न.

माझं मत विचाराल तर पाळायचाच असेल, तर संडासातला तो मोठा चपटा कोळी बरा. जाळं विणत नाही, डबा मागत नाही, रात्री झुरळं खातो. मादी असली तर पांढरी अंड्यांची पिशवी पोटाशी धरून हिंडते. आम्ही तिला ओळखतो आणि ती आम्हाला ओळखत नाही, त्यामुळे मानापमानाचा प्रश्नच नाही.

राहता राहिली अडचण दिवाळीची. कारखाने बंद होतात, शेजारी अमरेली-भावनगरला जातात, आम्ही अमळनेरला. तेव्हा कतारगामात कोणी मराठी माणूस दिवाळीला थांबणार असेल, तर कृपया कळवावं. खायला घालायचं नाही; महिनाभर उपास पडला तरी इंगळीचं काही बिघडत नाही. फक्त झाकणात पाणी घालायचं आणि डब्याचं झाकण पुन्हा नीट लावायचं. दुसरं काम जास्त महत्त्वाचं.